अर्धं फेरलेलं छप्पर

कुसुम, शाळेच्या छपराची उत्तरेकडची बाजू तू फेरलीस तशीच आहे. कवेलूंच्या ओळी सरळ, कौलात कौल नीट बसलेलं, मधे कुठं काडीकचरा नाही. दक्षिणेच्या बाजूला मात्र तू उतरवलेली कवेलू कालपर्यंत भिंतीला टेकून उभी होती आणि जिथं लाकडाची बल्ली मोडली तिथं भगदाड होतं. सकाळचं ऊन त्यातून थेट मधल्या चुलीच्या ओट्यावर पडायचं. स्वैपाकाची भागीरथाबाई रोज येऊन तो ओटा सारवते. आता तिथं पुसायसारखं काही उरलेलं नाही, तरी सारवते. मी तिला थांबवत नाही.

तू गेल्याला अजून पंधरवडाही झाला नाही आणि मी तुझ्यावर रागावलेली आहे. लोक येतात, तुझ्याविषयी चांगलंचुंगलं बोलतात, डोळे पुसतात. मी हं हं करते. माझ्या डोक्यात एकच चाललेलं असतं, तू एकटी वर काहून चढलीस? नियम तुझाच होता ना? पहिल्या वर्षी छप्पर फेरायला लोक जमले तेव्हा शिडीशी उभी राहून तूच सगळ्यांना दम भरला होतास, की एकट्यानं कोणी वर जायचं नाही, खाली शिडी धरायला माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे. दुसरा नियमही तुझाच. वरच्यांचं पान आधी. छपरावर जो चढला असेल त्याला जेवायला पहिलं वाढायचं, मग तो कोणी का असेना. गोमाजीकाका, आपल्या वस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष, त्यांनाही तू थांबवून ठेवायचीस. ते पाटावर बसून कुरकुरायचे, "बाई, मी बी तं खालून कवेलू देऊन राहिलो होतो न!" आणि तू म्हणायचीस, "खालच्यांनी थांबायचं, काका. खालच्यांचे पाय जमिनीवर असतात."

त्या दिवशी खाली कोणी नव्हतं. चूलही पेटलेली नव्हती. वरच्यांचं पान वाढायला कोणी नव्हतं.

भागीरथाबाई तेवढी वाफ्यांना पाणी घालायला आली होती. तिनं मला जे सांगितलं ते ती आता दिसेल त्याला सांगते, आणि प्रत्येक वेळी तेच शब्द. "मी म्हटलं, बाई, उतरा, ऊन चढून राहिलं. तं म्हणे, एवढी ओळ होऊ दे भागीरथा, मंग चहा पिऊ. मी इकडे वांग्याच्या वाफ्यात गेली, अन् मले आवाज आला." आवाज कसला ते ती सांगत नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा तुझा श्वास चालू होता. मी पोचले तेव्हाही होता. तुझ्या नखांत छपराची काळी माती होती आणि मी ती काढत बसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दुपारी तू गेलीस.

आपली भांडणं आठवायची म्हटली तर मॅट्रिकच्या बाकापासून सुरुवात करावी लागेल. तू महालातल्या कारकुनाची मुलगी, मी इंदोऱ्याच्या पुढच्या वस्तीतली, आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतलेली. वर्गात बाकी मुली आपल्या दोघींपासून लांबच असायच्या, माझ्यापासून का ते उघड होतं, तुझ्यापासून तू फार बोलायचीस म्हणून. पुढे तू नकाशे काढायला शिकलीस, सदरमधल्या कचेरीत नोकरीला लागलीस, आणि मी वस्तीत लहान मुलांना शिकवू लागले. मग तो दुष्काळ आला. माझ्या वर्गावर टिनाचा एक पत्रा होता. सकाळी सुकडी यायची, पोट्टे ती खाऊन पळून जायचे आणि मी पाटी मांडीवर घेऊन बसलेली असायची. एक दिवस तू सायकलवरून आलीस, माझ्या शेजारी बसून हा सगळा तमाशा बघितलास आणि म्हणालीस, "शांते, शाळा अन् स्वैपाकघर वेगवेगळं काहून पाहिजे?"

मी म्हटलं, "कारण शाळेत शिकतात अन् स्वैपाकघरात जेवतात."

"तेच तं. पोट्टे जिथं जेवतात तिथंच बसतात. तू बी तिथंच बस."

पुढच्या महिन्यात तू नोकरी सोडलीस. घरच्यांना वाटलं डोकं फिरलं, आणि खरं सांगू, मलाही तेच वाटलं.

तुझं ते घर. एकच उंच छप्पर, मधोमध चुली, आणि चुलींच्या भोवती मातीचा गोल कट्टा, पोरांनी बसायला. पाठीला टेकायला जाड मातीच्या भिंती, भिंतींना वर छिद्रं म्हणजे धूर तिकडून निघून जाईल. भिंतींसाठी जिथून माती खणली तो खड्डा बुजवू दिला नाहीस, त्याचं टाकं केलंस. भांडी घासलेलं पाणी वाळू-खड्यांतून गाळून वाफ्यांकडे जायचं, आणि वाफ्यांत वांगी, अंबाडी, चवळी, कडेला भिवापुरी मिरची. पोरंच पेरायची, पोरंच तोडायची, तोडलेलं तराजूत घालून भागीरथाबाईला द्यायची. तराजूवर बेरजा शिकली, डाळीत पाणी घालताना पटी शिकली. अक्षरं तर ती चुलीतल्या कोळशानं ओट्यावर काढायची आणि भागीरथाबाईची शिवी खायची. वस्तीत कोणी त्याला तू ठेवलेल्या नावानं हाक मारली नाही. सगळे म्हणायचे जेवणाची शाळा.

तुला भाकर कधी थापता आली नाही. तुझी भाकर तव्यावर पडायच्या आधी फाटायची, आणि भागीरथाबाई म्हणायची, "बाई, तुम्ही नकाशा काढा, ते फाटला तं चालते." तू सगळ्यांत मोठ्यानं हसायचीस. भिवापुरी मिरचीचा ठेचा पुढे आला की तुझं हसणं बंद व्हायचं. हे सगळं मला नीट आठवतं, आणि आठवलं की बरं वाटायला पाहिजे, पण तसं होत नाही.

भांडण होतं ते मातीवरून. पहिल्या दिवसापासून. गोमाजीकाकांनी तुला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, मातीत जलमलो, मातीत राह्यलो. आता आमच्या पोट्ट्यायले बी मातीतच बसवता का? आमाले स्लॅब पाहिजे. सदरात असते तशी." तू त्यांना उन्हाचं सांगितलंस, की नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबखाली पोरं बसणार नाहीत, भाजतील. गोमाजीकाका म्हणाले, "साहेब लोक बसतेतच न." मी काकांच्या बाजूनं होते. मी कायम काकांच्या बाजूनंच होते. तुला मातीचं कौतुक होतं कारण तू त्यात राहायला कधी आली नव्हतीस. तुझी शाळा बघायला येणारे पाहुणे भिंतीवरून हात फिरवायचे, वा वा म्हणायचे, आणि संध्याकाळी आपापल्या स्लॅबखाली जायचे. तू स्वतः सदरमध्ये एका गच्चीखालच्या खोलीत भाड्यानं राहायचीस, दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून. मी तुला कितीदा टोचलं त्यावरून. "तू स्लॅबखाली झोपते अन् आमाले माती सांगते."

"म्हणूनच सांगते. रात्रभर भाजते मी तिथं."

"मग ये न इकडे राहाले."

"बोलवशील तं येते."

मी बोलावलं नाही. जागा नव्हती हेही खरं, आणि तू खरंच आली असतीस हेही खरं.

पण माझा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो मी दर वर्षी मांडायची. कवेलूचं छप्पर दर मे महिन्यात फेरावं लागतं. सगळी कवेलू उतरवायची, खालची घाण झाडायची, बल्ल्या तपासायच्या, फुटकी काढून टाकायची, पुन्हा रचायची. एका वर्षी केलं नाही तर गळतं, गळलं की पाणी भिंतीत जातं. मी विचारायचे, "फेरणार कोण?" तू म्हणायचीस, "आपण." मी विचारायचे, "आपण म्हणजे कोण?" तू हसून हात फिरवायचीस, म्हणजे हे सगळे. दर वर्षी माणसं लागतात म्हणूनच तुला ते छप्पर आवडायचं. तू म्हणायचीस, की स्लॅब एकदा पडली की वर बघायचं कारण राहत नाही आणि माणसं जमायचं विसरून जातात. हे मला पुस्तकी वाटायचं. ज्यांच्या घरी दर वर्षी फेरायला माणूस असतो त्यांना असलं सुचतं.

आता यशीचं सांगते. हे तुला सांगायचं राहिलं. वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच तुझ्यापर्यंत कधी आलं नाही, कारण जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कोण कोणाला सांगतं? माझी धाकटी बहीण यशोदा. मी लहान होते, ती माझ्याहून लहान. बाबा त्या वर्षी सावनेरकडच्या खाणीत कामाला लागले होते आणि महिना महिना घरी यायचे नाहीत. छप्पर फेरायला घरात माणूस नव्हता. आईनं एक-दोघांना म्हणून बघितलं, पण मे महिन्यात ज्याला त्याला आपलं घर असतं. श्रावणात झड लागली. आई आणि मी चुलीजवळ झोपलो होतो कारण तिथं गळत नव्हतं. यशी भिंतीजवळ झोपली होती कारण तिला भिंतीचा गारवा आवडायचा. भिंत आतल्या बाजूला बसली. फार मोठा आवाजही झाला नाही. गोमाजीकाका शेजारी राहायचे, त्यांनी हातांनी माती उकरून तिला काढलं. मी दिवा धरून उभी होते.

तुझं ते वाक्य आठव. कोणीतरी बाहेरगावचे पाहुणे आले होते, तू त्यांना घर दाखवत होतीस, आणि त्यांच्यातल्या एकानं विचारलं की अशी भिंत पावसात पडत नाही का? तू भिंतीवर थाप मारलीस आणि म्हणालीस, "मातीची भिंत आपणहून कधीच पडत नाही. छप्पर न फेरणारी माणसं तिला पाडतात." पाहुण्यांनी मान डोलावली. मी डाळ निवडत बसले होते. सूप तिथंच ठेवलं आणि घरी निघून गेले.

किती दिवस बोलले नाही तुझ्याशी. तू विचारायचीस, मी कामाचं तेवढं बोलायची. शेवटी तू सायकलच्या कॅरिअरवर एक भलंमोठं कोहळं बांधून माझ्या घरी आलीस. आपल्या छपरावरच्या वेलाचं. तो वेल तूच वर चढवला होतास, म्हणालीस की पानांनी छप्पर गार राहील आणि वर पोरांना कोहळी मिळतील. दारात उभी राहून म्हणालीस, "शांते, काय झालं ते सांग तरी. मी माफी मागते, पण कशाची ते मले सांग."

मी म्हटलं, "काही नाही झालं. आत ये." कोहळं चिरलं, किसलं, गूळ घालून बोंडं तळली. तू ताटभर खाल्लीस आणि जाताना खूश होतीस. भांडण मिटलं असं तुला वाटलं.

सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मला माहीत आहे. तू रडली असतीस आणि मला तुझं रडणं सावरावं लागलं असतं. तेव्हा ते मला नको होतं. आणि दुसरं असं, कुसुम, की तू बोललीस ते खोटं नव्हतं. भिंत छपरामुळेच गेली. पण खरं असलं म्हणून ते भिंतीवर थाप मारून बोलायचं नसतं.

त्याच वेलानं तुझा घात केला. गोमाजीकाकांनी नंतर तो उपटून काढला तेव्हा खालच्या बल्ल्या काळ्या पडल्या होत्या, चहात बुडवलेल्या टोस्टासारख्या मऊ. पानांखाली वर्षभर ओल राहिली होती आणि वरून सगळं हिरवंगार दिसत होतं. गेल्या वर्षी छप्पर फेरताना तूच म्हणाली होतीस, वेलाखालचं राहू द्या, फळं धरली आहेत, तोडू नका. आम्हीही राहू दिलं. पोरांना कोहळ्याची भाजी आवडायची.

यंदा एप्रिलात कमिटीला सिमेंटच्या परमिटचा शब्द मिळाला. पुढच्या थंडीपर्यंत स्लॅब. वस्तीत सणासारखं वातावरण झालं, तू बघितलंस. मीटिंगमध्ये ठरलं की जे पाडायचंच आहे ते यंदा फेरत बसायचं नाही. हात वर करा म्हटल्यावर मीही केला. तू सगळ्यांच्या मागे, टाक्याच्या कठड्यावर बसली होतीस. तू फक्त विचारलंस, "अन् यंदाचा पाऊस?" कोणीतरी म्हणालं, "एक पावसाळा निभून जाते, बाई." तू माझ्याकडे बघितलंस. मी काही बोलेन असं तुला वाटलं असावं. मी स्लॅबच्या बाजूची होते, तुला ते ठाऊक होतं, आणि आज पुन्हा मीटिंग झाली तरी मी हात वरच करीन. तू सायकल काढलीस आणि गेलीस. त्याच आठवड्यात शिडी लावलीस.

ओरडायचं होतंस ना! एरवी इतकं बोलायचीस. त्या दिवशी भांडली असतीस तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता छप्पर फेरून झालं असतं, नेहमी व्हायचं तसं.

तुझ्या आईला भेटायला महालात गेले. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं.  मग म्हणाल्या, "एकटीच का होती ग ती? तुमची तर इतकी माणसं होती ना?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखर कळत नव्हतं आणि त्या मला विचारत होत्या. मी पेला खाली ठेवून उठले. रस्त्यावर आले आणि मला माझाच प्रश्न ऐकू आला, आपण म्हणजे कोण.

परवा कमिटी पुन्हा बसली. सगळ्यांचं एकच म्हणणं, घर आत्ताच पाडून टाकू. गोमाजीकाका थकल्यासारखे दिसत होते. म्हणाले, "या घरानं बाईले खाल्लं. आता पोट्ट्यायले खाईपर्यंत थांबाचं का? पाडून टाका. थंडीपर्यंत शाळा पत्र्याखाली भरू द्या." कोणी विचारलं, मग चुली कुठं? कोणी म्हणालं, चार महिने जेवण बंद ठेवू. चार महिने म्हणजे तेच चार महिने, कुसुम, ज्यांत रोजगार मिळत नाही आणि घराघरांत डब्याचा तळ दिसतो. पोरं त्याच दिवसांत सगळ्यांत जास्त येतात. काही पोरांच्या हातात तर पाटी नसते, नुसतं ताट असतं.

काका माझ्याकडे वळले. "शांता, तूच सांग वं. तुले तं ठावं हाये माती काय असते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाडा म्हणणार याची त्यांना खात्री होती, आणि मलाही जवळजवळ होती. मी म्हटलं, "काका, यशीले तुम्ही काढलं. ते भिंत काहून पडली?"

मग मीच सांगितलं.

"आमच्या घरी छप्पर फेराले माणूस नव्हता म्हणून पडली. अन् आता कुसुम काहून पडली? तिच्या जवळ बी माणूस नव्हता. एवढी वस्ती असून नव्हता. मले स्लॅब पाहिजे, थंडीत पाहिजे, मी पयली घमेलं उचलीन. पण यंदा हे छप्पर फेराचं. पोट्टे जूनमध्ये येतेत. त्यायले जेवाले पाहिजे."

मागून एकजण पुटपुटला, "त्या छपरावर आता चढीन कोण?"

"मी चढतो," मी म्हटलं. घाईत तोंडातून पुरुषासारखं निघालं, लहानपणी बाबांसारखं बोलायची तसं. कोणी हसलं नाही.

तुला ठाऊक आहे, इतक्या वर्षांत मी एकदाही वर चढले नव्हते. तू शिडीवरून बोलवायचीस आणि मी चुलीपाशी काम काढून बसायची. तुला वाटायचं मला उंचीची भीती आहे, आणि त्यावरून तू मला चिडवायचीस. काल सकाळी चढले. गोमाजीकाकांनी स्वतः शिडी धरली, या वयात, आणि दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. काही लोक आले, सगळे नाही आले. ज्यांचा राग होता ते घरीच राहिले आणि मी त्यांना बोलवायला गेले नाही. सडक्या बल्ल्या काढून नव्या टाकल्या. भगदाडातून खाली बघितलं तर ओटा दिसला. तू इतक्या उंचावरून पडलीस हे मला खालून कधी कळलं नव्हतं. हे घर तूच इतकं उंच केलंस, धूर वर जावा म्हणून.

कवेलू बसवायला तू मला कधी शिकवलं नाहीस, मी शिकू दिलं नाही. जशी जमली तशी लावली. दुपारी काम संपलं आणि भागीरथाबाईनं खालून हाक दिली, "वरच्यायचं पान आधी!" डाळ-भात आणि अंबाडीची भाजी होती. मला पहिलं वाढलं. गोमाजीकाका बाजूला उभे राहिले, मी घास घेईपर्यंत पाटावर बसले नाहीत. मला तो घास गिळायला फार वेळ लागला आणि तेवढा वेळ कोणीच जेवलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी अंगणात उभी राहून वर बघितलं. खालून स्पष्ट कळतं, तुझं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं. तुझ्या ओळी सरळ आहेत. माझ्या वाकड्या, एक कवेलू वर तर एक खाली. थंडीत हे सगळं उतरेल आणि स्लॅब पडेल. मला बरं वाटेल, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. त्यानंतर मे महिन्यात कोणाला वर चढावं लागणार नाही, शिडी धरावी लागणार नाही, वरच्यांचं पान वाढावं लागणार नाही. आम्ही जमणं विसरून जाऊ, तू म्हणाली होतीस तसं. तेव्हा भांडायला तू पाहिजे होतीस.

तोवर एक पावसाळा आहे. पोरं तुझ्या भिंतींना टेकून बसतील आणि मी रोज आधी वर बघीन, मग पाटी हातात घेईन. गळलं तर माझ्या बाजूनं गळेल, कुसुम. तुझ्या बाजूनं गळणार नाही.